कॉफीनंतरचं पाणी

डॉन एर्मेतेंनी कॉफी संपवली, कप बशीत ठेवला आणि त्यावर पाण्याचा घोट घेतला. साबातिनोच्या कॉफीबारमधली सगळी बडबड तिथेच थांबली.

आमच्या नेपल्समध्ये पाणी कॉफीच्या आधी पितात. तोंड स्वच्छ करायचं, मग कॉफी, आणि पुढचा अर्धा तास तिची चव जिभेवर घोळवत हिंडायचं. कॉफीवर पाणी पिणं म्हणजे करणाऱ्याच्या तोंडावर चूळ टाकणं. बरं, हा माणूस काय कालपरवा आलेला होता? बावीस वर्षं, रोज साडेआठला, काउंटरच्या त्याच कोपऱ्यात उभा; उगाच नाही सगळे त्याला मानाने डॉन म्हणत.

कारण होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. दहा वाजता गाडीच्या परवान्यासाठी डॉक्टर रक्तदाब तपासणार होते. परवाना गेला तर दर रविवारी मेहुण्याच्या गाडीत मागे बसून समुद्रावर जावं लागणार, आणि मेहुणा वाटभर गातो. म्हणून रक्तदाबाची गोळी आवर्जून घ्यायची होती, आणि नेमकी तीच घरी घ्यायची राहिली. खिशात सापडली तेव्हा कॉफी पिऊन झाली होती. एर्मेतेंनी खोकल्याचं निमित्त करून ती तोंडात टाकली. दुखण्याचं इथे कळलं असतं तर संपलंच. शिंपी लिबोरिओंच्या छातीत एकदा जरासं दुखलं, तर दुसऱ्या दिवसापासून साबातिनोने त्यांना कॅफिन काढलेली कॉफी सुरू केली. गयावया करूनही बिचाऱ्यांना पुन्हा खरी मिळाली नाही.

"काय चुकलं, डॉन एर्मेते?" साबातिनोने हळू विचारलं. चेहरा उतरला होता.

"काही नाही रे. तहान लागली."

"तहान कॉफीच्या आधी लागते."

साबातिनोने आधीपेक्षा दाट अशी दुसरी कॉफी करून समोर ठेवली. नाही म्हणावं तर भांडणच. एर्मेते मुकाट प्याले. पण गोळी घशात अडकून विरघळायला लागली होती, आणि ती कडू जहर. त्यांचं तोंड इतकं वाकडं झालं की शेजारचे दोघे मागे सरकले. नाइलाजाने त्यांनी पुन्हा पाणी घेतलं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं हवा दमट आहे, कुणी म्हणालं दळण जाड पडलंय. साबातिनोने यंत्राची खालची जाळी काढून घासली. रस्त्यावरचे लोक आत आले. ज्यांचा काही संबंध नाही त्यांनी जास्त सल्ले दिले. तिसरी कॉफी आली. लिबोरिओंनी आगाऊपणे त्याच कपातला एक घोट घेतला.

"चांगली आहे की. अगदी माझ्यासारखी लागते."

"तुझ्या त्या रंगीत पाण्याशी माझी कॉफी मोजू नकोस," एर्मेते खेकसले आणि उरलेली पिऊन टाकली.

पावणेदहा झाले. तीन कॉफ्या! छातीत धडधडत होतं, बोटं थरथरत होती. आता रक्तदाब कसला खाली येतो? डोळ्यांपुढे मेहुणा गायला लागला. इतक्यात साबातिनो चौथा कप भरायला वळला, आणि एर्मेतेंचा धीर सुटला.

"गोळी घेतली मी, गोळी! रक्तदाबाची. तीन वर्षं घेतोय. तुझ्या कॉफीला काही झालेलं नाही, आता तरी पिच्छा सोड माझा."

साबातिनो मटकन खोक्यावर बसला. "एवढंच ना? मला वाटलं, तुम्हाला कळलं."

"काय कळलं?"

सगळे आपापल्या कपात बघत होते.

"तुमच्या घरून आसुंतावहिनी आल्या होत्या," साबातिनो अखेर म्हणाला. "तीन वर्षं झाली. तुमच्या रक्तदाबाचं सांगून रडल्या हो इथे उभ्या राहून. तेव्हापासून तुम्हाला लिबोरिओंचीच देतो."

तीन वर्षं! आणि रोज हा शहाणा माणूस कप रिकामा करून म्हणायचा, हिला म्हणतात कॉफी. एर्मेतेंनी हाताकडे बघितलं. थरथर केव्हाच थांबली होती. याचाच त्यांना जास्त राग आला.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि एकशेतीस-ऐंशी म्हणून खूश झाले. कॉफी किती पिता, असंही विचारलं.

"तीन वर्षांत एकही नाही," एर्मेते दातओठ खात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ते कोपऱ्यात येऊन उभे राहिले. सगळ्यांदेखत गोळी घेतली, पाणी प्याले. साबातिनोने खाली मान घालून विचारलं, "कुठली देऊ?"

एर्मेतेंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "नेहमीचीच दे. सवय झालीय. पण मला कळलंय हे आसुंताला सांगू नकोस. तिला वाटेल, ही युक्ती फसली. मग ती माझ्या मिठाच्या मागे लागेल."

मिठाचं नाव निघताच साबातिनोने नजर चुकवली. फडकं घेऊन तो स्वच्छ काउंटर पुन्हा पुसायला लागला.