कार्यभार स्वीकारणार : मी

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी एक नोटीस लागली होती. 'महिलांसाठी आर्थिक साक्षरता व निवृत्ती नियोजन कार्यशाळा. शनिवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. प्रवेश मोफत.' खाली नावं लिहायला कागद होता. मी खिशातलं पेन काढलं आणि बायकोला न विचारता तिचं नाव लिहून टाकलं.

माझा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवतो. मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेतला कारकून. शाळेत गुरुजींनी जन्मतारीख एक जून लावली, म्हणून निवृत्ती एकतीस मे. ऑफिसातल्या सगळ्यांच्या पेन्शन केसेस मीच तयार करतो, त्यामुळे निवृत्ती या विषयावर मी घरी तासन् तास बोलू शकतो. विमल (म्हणजे बायको) नेमकी तेव्हाच मिक्सर लावते. तिनं निदान बाहेरच्या तज्ज्ञाकडून तरी ऐकावं आणि 'अगबाई, आमचे हेही हेच सांगतात' असं तिला वाटावं, एवढीच माझी इच्छा. शिवाय ग्रॅच्युइटीतून चारचाकी घ्यायचं माझ्या मनात होतं. रंगसुद्धा ठरला होता. तज्ज्ञांचा पाठिंबा मिळाला असता तर बरंच झालं असतं.

शनिवारी संध्याकाळी विमल घरी आली ती जवळजवळ नाचतच. पर्स खांद्यावरून न काढताच माझ्यासमोर बसली.

"अहो, काय सुंदर समजावलं निकिता मॅडमनी. तुम्ही एकतीस मेला रिटायर होणार ना?"

"हो."

"आणि मी?"

मी पेपर खाली ठेवला.

"मॅडमनी सगळ्यांना कागद दिला. पहिलाच प्रश्न, निवृत्तीची तारीख. मी आणि लंकाबाई एकमेकींच्या कागदात बघत बसलो. लंकाबाईंनी शेवटी लिहिलं, 'देवाला ठाऊक'. मॅडम म्हणाल्या, मावशी, ती तारीख वेगळी आणि ही वेगळी."

लंकाबाई आमच्या खाली राहतात, घरगुती डबे करतात. त्यांचे मालक गेले तेव्हा सगळा पैसा मालकांच्या एकट्याच्या नावावर होता आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलेलं नव्हतं. बँकेत त्यांना इतके हेलपाटे पडले, की तिथला वॉचमन त्यांना घरच्यांची खुशाली विचारायला लागला.

"मला तसं नको व्हायला," विमल म्हणाली. आता ती नाचत नव्हती. "तुमच्या माघारी मला कुणापुढं हात पसरायचा नाही. आरोहीपुढंसुद्धा नाही. माझ्या एकटीच्या नावावर काय आहे हो?"

"रेशनकार्ड," मी म्हणालो. (मी विनोदी आहे असं ऑफिसात म्हणतात.)

ती हसली नाही. म्हणून मी आणखी एक विनोद केला.

"असं कर, तूही एकतीस मेलाच रिटायर हो. जोडीनं होऊ. तुझी केस मी तयार करतो, अगदी नियमानुसार."

"नक्की?" तिनं विचारलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मला माझ्या विनोदबुद्धीचा अभिमानच वाटला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी केस टाईप करायला घेतली. शेजारच्या टेबलावरचा गोरक्ष डबा घेऊन बघायला आला. पदनाम, गृहिणी. रुजू झाल्याचा दिनांक, लग्नाचा. (तो विचारायला मुलीला, आरोहीला, फोन करावा लागला.) घेतलेली रजा, सटाण्याला माहेरी, तीही दिवाळीनंतर आणि फराळ संपल्यावर. शिल्लक रजेचा आकडा बघून गोरक्ष म्हणाला, "साहेबांसकट आख्ख्या ऑफिसची मिळून एवढी नाही." आम्ही खूप हसलो. मग पुढचे रकाने आले. मूळ वेतन, निरंक. भविष्य निर्वाह निधी, निरंक. ग्रॅच्युइटी, निरंक. पेन्शन, निरंक. गोरक्ष हसायचा थांबला आणि डब्याचं झाकण लावू लागला. मलाही कसंतरीच झालं, खरं सांगतो. बाईनं सगळी उमर या घरात घातली आणि कागदावर लिहायला काही सापडेना. वाईट वाटत राहू नये म्हणून मी घाईनं पुढं गेलो, तर पुढं कार्यभार अहवाल होता.

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस निवृत्त झाला तरी त्याचं काम कुणीतरी ताब्यात घ्यावं लागतं. घेणारा नसेल तर जाणारा सुटत नाही. म्हणून खाली दोन रकाने असतात, कार्यभार सोपवणार आणि कार्यभार स्वीकारणार. पहिल्यात विमलचं नाव लिहिलं. दुसरा रिकामा राहिला. आता, मी नोकरीत एकही रकाना कधी रिकामा सोडलेला नाही. तसा दिसला की मला जेवण जात नाही. मी तिथं माझं नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. 'प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असं लिहून आरोही, जावई सार्थक आणि लंकाबाई यांची नावं टाकली आणि सगळ्यांना मोबाईलवरून प्रती पाठवल्या. घरी गेल्यावर मूळ कागद विमलला दिला. तिनं तो फाईलला लावला. मला वाटलं, विनोद संपला.

एकतीस मेला ऑफिसात माझा निरोप समारंभ झकास झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, शिवाय गुडघ्यापर्यंत येणारा झेंडूचा हार. साहेब म्हणाले, "आता फक्त आराम. झोपाळ्यावर बसायचं आणि वहिनींच्या हातचा चहा प्यायचा." ते वाक्य घोळवतच मी रिक्षानं सिडकोत घरी पोचलो, तर सोसायटीच्या हॉलला लायटिंग. आतून लाऊडस्पीकरचा आवाज. माझा ऊर भरून आला. मी हार नीट केला आणि हात जोडत जोडत आत शिरलो.

माझ्याकडं कुणी बघेना. स्टेजवर विमल शाल पांघरून बसली होती. मागं बॅनर होता, 'सौ. विमलताई यांचा सेवानिवृत्ती सत्कार'. पहिल्या रांगेत आरोही आणि सार्थक. माईक लंकाबाईंच्या हातात.

"विमलताईंनी लय केलं. आजारपणातबी खाडा नाय. हा कागद त्यांच्या मालकांनी स्वतः काढलाय, सहीनिशी. त्यात लिवलंय, आवश्यक ती कार्यवाही करा. म्हून मी केली."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मग विमलनं मला स्टेजवर बोलावलं आणि चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. तिनं कार्यभार मोठ्यानं वाचून दाखवला. कुकर, शिट्टी हातानं सरळ करावी लागते. मिक्सर, थोपटल्याशिवाय सुरू होत नाही. दूधवाला, सुट्टे पैसे देत नाही.

"पण आत्ता चहा कोण टाकणार?" मी विचारलं.

हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. निकिता मॅडमसुद्धा.

मी हॉलच्या मागच्या ओट्यावर मोठं पातेलं चढवलं. साखर माणशी दोन चमचे या हिशेबानं घातली, मध्येच मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून घातली. गॅसची ज्योत बघायला वाकलो, तेव्हा हार पातेल्यात गेला. मी तो काढला, पण झेंडूच्या पाकळ्या काही सगळ्या निघाल्या नाहीत. लंकाबाईंनी घोट घेतला.

"भाऊ, यो चहा हाय का पाक? फुलं बी हायेत यात." मग त्या विमलला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ताई. नवे हायेत, शिकतील."

पाहुणे गेल्यावर मी विमलसमोर बसलो. शेवटी मी पेन्शन केसेसमधला माणूस. "नियमात एक सोय आहे," मी म्हणालो, "निवृत्त माणसाला मानधनावर पुन्हा घेता येतं."

तिनं फाईल उघडली. ती याच वाक्याची वाट बघत होती. स्वतःच्या नावावर तिनं बँकेत खातंसुद्धा उघडलं होतं. मानधन दरमहा माझ्या पेन्शनमधून त्या खात्यात, तिथून तिच्या नावाच्या पेन्शन योजनेत. ग्रॅच्युइटीतली निम्मी रक्कम तिच्या एकटीच्या नावावर ठेव. सकाळचा चहा-नाश्ता माझ्याकडं, रात्रीचा स्वयंपाक तिच्याकडं, रविवारी तिला सुट्टी.

"आणि गाडी?"

"राहिलेल्यात स्कूटर येते. मी शिकणार आहे."

ठेवीची पावती मिळाली त्या दिवशी बँकेबाहेर ती बराच वेळ तशीच उभी होती. स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, मग मला पावतीचा फोटो काढायला लावला. माझी पेन्शन मंजूर झाली तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता. रंग ठरलेली गाडी त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. (संध्याकाळी आठवली.)

तरी पोहे रोज खाली लागतात आणि कंबर धरते. परवा मी तिला विचारलं, मला या कार्यभारातून कधी सोडणार? ती स्कूटरची चावी शोधत होती. तिनं फाईलमधून माझ्याच नमुन्यावर केलेला नवा कार्यभार अहवाल काढला आणि फ्रिजवर चिकटवला. कार्यभार सोपवणार, माझं नाव. कार्यभार स्वीकारणार, रिकामा.

"घेणारा आणा आणि सुटा," ती म्हणाली.

मी सार्थकला गाठलं. "बाबा, मला आलेली प्रत मी नीट वाचली होती," तो म्हणाला आणि त्याला अचानक कुठंतरी जायचं आठवलं. गोरक्ष फोन उचलत नाही. तो रिकामा रकाना मात्र रोज सकाळी दूध तापवताना माझ्या डोळ्यांसमोर. बघवेना. आज सकाळी हातात पेन होतं, दूध वर येत होतं, राहवलं नाही. भरून टाकला. माझंच नाव लिहिलं आणि खाली सहीसुद्धा केली.