दामूआप्पांचं फाटक

दामूआप्पांच्या अंगणात शिरण्याआधी बाहेर थांबावं लागतं. वाटेवर त्यांनी लाल-पांढरा रंगवलेला बांबू आडवा टाकलाय. तुम्ही दिसलात की आप्पा ओट्यावरून उठतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि मगच बांबू वर करतात. डावीकडे पेरूचं झाड आहे, उजवीकडे शेजाऱ्यांची म्हैस. दोघांपैकी कुणी धडक दिल्याचं ऐकिवात नाही.

आप्पांनी तीस वर्षं रोह्याच्या लाइनीवर फाटक सांभाळलं. निवृत्त झाल्यावर फाटक रेल्वेकडे राहिलं, सवय घरी आली. बायको वारली, मुलगी सुरतेला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस आप्पा आणि बांबू. बाहेर ताटकळलेल्यानं कुरकुर केली की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "घाई कुणाला हाय?" एकदा पोस्टमननं पत्र बांबूवरून फेकलं. आप्पांनी ते त्याच्या हातात परत दिलं आणि त्याला रीतसर आत आणायला लावलं.

मी गावच्या कबड्डी संघाचा कार्यवाह, म्हणजे पाणी आणि क्रेप बँडेज बाळगणारा. आमच्या संघाचं दुखणं जगावेगळं होतं. समोर सातजण असले की आमची पोरं वाघ. चार बाद होऊन तीन उरले की आम्ही हरायला लागायचो. तीन उरलेल्यांनी चढाई करणारा पकडला तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. आमचा सुन्या नेमका तेव्हाच तिघांनाही एकदम मारायला जायचा आणि दोन गुण देऊन यायचा. कोलाडला असेच हरलो, नागोठण्यालाही. पेणला हरलो तर संघ मोडायचा, असं पोरांनी ठरवून टाकलं. कंपनीत शिफ्ट करून वर हरायला कोण येणार?

नागोठण्याहून परतताना, सामना बघायला आलेले आप्पा टेम्पोत माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "दुखणं कळलंय मला. पोरं पाठव. रोज संध्याकाळी साडेपाचला."

मी पाठवली. पहिला आठवडा पोरं बांबूबाहेर रांगेत उभी. आप्पा एकेकाला आत घेत, चहा देत आणि बंद फाटकाखालून घुसणाऱ्यांच्या गोष्टी सांगत. कुणाची चप्पल राहिली, कुणाची सायकल गेली. दुसऱ्या आठवड्यात पोरांनी ओटा सारवला. तिसऱ्यात पेरू उतरवले. सुन्या मला म्हणाला, "दादा, कबड्डी कधी?" पण चहाबरोबर कांदाभजी असायची, म्हणून एकही पोर चुकलं नाही.

एकविसाव्या दिवशी, पेणच्या आदल्या संध्याकाळी, आप्पा बोलले.

"समोर तीन उरले की तुम्ही धावत सुटता. घाई कुणाला हाय? घाई त्यांना पायजे, चारजण बाहेर बसलेत त्यांचे. सुन्या, तू रेघ ओलांड नि रिकामा परत ये. मग त्यांचा येईल. त्यांना एकटाच पाठवता येतो, तुम्ही सातजण. त्याला धरा." एवढं सांगून त्यांनी भजी पुढे केली.

पेणला शेवटची पाच मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत आणि समोर तीनजण. सुन्या रेघ ओलांडून रिकामा परत आला. लोकांनी शिट्या मारल्या. पुढच्या चढाईलाही तो तसाच आला, तेव्हा लोकांनी त्याचं खानदान काढलं. मग त्यांचा गडी चिडून आमच्यात घुसला आणि पोरांनी त्याचा घोटा धरला. उरले दोन. थोड्याच वेळात तेही बाद झाले, सगळा संघ बाद केल्याचा लोण चढला आणि आम्ही जिंकलो. संघ वाचला.

दुसऱ्या दिवशी मी ढाल घेऊन आप्पांकडे गेलो. ढालीसकट मला बांबूबाहेर उभं केलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग आत घेतलं.

"आप्पा, हे तुम्हाला कधी सुचलं?"

"नागोठण्यालाच."

"मग एकवीस दिवस काय केलंत?"

आप्पा ढालीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. "पयल्या दिवशी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं?"

मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस आम्ही त्यांच्या बांबूला हसत होतो.

मी पोरांना सांगितलं. पुढच्या संध्याकाळी सगळे निघालो. वळणावरूनच दिसलं, बांबू आधीच वर केलेला होता आणि आप्पा अंगण सोडून रस्त्यावर येऊन उभे होते, आमच्या वाटेकडे बघत.

"पाच मिन्टं उशीर केलात," ते म्हणाले.