सासरेबुवांची दाढ आणि माझं फ्रेमवर्क

कुठल्याही गोष्टीचे फायदे-तोटे मांडावेत तर ते मीच! ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खोटी नाही. साधा दात घासायचा ब्रश घ्यायचा तरी मी दुकानात अर्धा तास दोन्ही बाजूंचा विचार करत उभा असतो. बायको स्वतः दातांची डॉक्टर, पण ती तोवर हाताला येईल तो ब्रश घेऊन बाहेर पडलेली असते.

त्यामुळे साहेबांनी जेव्हा विचारलं, "आपलं सगळं काम त्या नव्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये न्यायचं का हो?" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "उद्या दुपारी फायदे-तोटे तुमच्यासमोर! आणि नुसते तोंडी नाही, चालवून दाखवतो."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी वेबसाइट म्हणजे एक नाटक समजावं. पुढे रंगमंच, मागे धावपळ. आजवर आम्ही पुढचं एका भाषेत लिहायचो, मागचं दुसऱ्या भाषेत, आणि दोघांची भांडणं सोडवण्यात दिवस जायचा. हे फुल-स्टॅक फ्रेमवर्क म्हणजे पुढचं-मागचं सगळं एकाच भाषेत, एकाच सांगाड्यात. शिवाय त्याची खरी करामत अशी, की माहिती एका ठिकाणी बदलली की ती जिथे जिथे दिसते आहे तिथे तिथे क्षणात बदलते. तोटा म्हणाल तर एक खुर्ची मागवावी आणि दुकानातलं सगळं फर्निचर दारात यावं, इतक्या नको त्या फाइली सोबत येतात.

चालवून दाखवायला मी बायकोचा दवाखाना निवडला. तिथे वेटिंग रूममध्ये एक टीव्ही आहे. वर पेशंटचा नंबर, खाली एक ओळ सूचनेची. ते सगळं मी नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलं, सकाळी जाऊन टीव्हीवर चालू करून दिलं आणि साहेबांना दाखवायला एक वेगळी प्रत घरच्या लॅपटॉपवर ठेवली. वेळ वाचावा म्हणून दवाखान्याची सेटिंगची फाइल जशीच्या तशी घरच्या प्रतीत उचलून टाकली. ही फाइल तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता सासरेबुवा. त्यांची एक दाढ वर्षभर किडत होती. मधूनच गाल सुजायचा, अंगात ताप यायचा. बायकोच्या जिवाला घोर लागला होता, कारण अशी दाढ फार दिवस ठेवली तर दुखणं जबड्यात पसरतं. पण सासरेबुवा मुलीसमोर तोंडच उघडायचे नाहीत. जांभईसुद्धा तोंडावर पंचा धरून द्यायचे. "गाल कसला सुजलाय? मी मुळातच बाळसेदार आहे," म्हणायचे. डॉक्टर मुलीने समजावलं, रागावून पाहिलं, एकदा तर ती रडलीसुद्धा. हा गृहस्थ ढिम्म!

हा माणूस जगात फक्त एकाच गोष्टीचं ऐकतो. पाटीचं. आयुष्यभर त्यांनी पाट्या रंगवल्या. 'रांगेत यावे', 'येथे गाडी लावू नये', 'हात लावू नये, रंग ओला आहे'. लोक त्या पाळत नाहीत याचं दुःख त्यांना अजून आहे. स्वतः मात्र 'ढकला' लिहिलेलं दार अडकलं तरी ओढणार नाहीत, दुसरं कोणी येईपर्यंत ढकलत बसतील. "पाटी लिहिणाऱ्याने काहीतरी विचार केलेला असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी ते दवाखान्यात आले होते, पण केवळ सासूबाईंना सोबत म्हणून.

दुपारी साहेब व्हिडिओ कॉलवर आले. मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, शेजारी मोबाइल. "बघा साहेब, लॅपटॉपवर 'पुढचा' दाबतो. मोबाइलवर काय होतंय?"

"चारचा पाच झाला!" साहेब हरखले. "पुन्हा दाबा."

मी दाबलं. सहा, सात, आठ! साहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर सासूबाईंनी हातवाऱ्यांसकट सांगितलं. चार नंबरचा पेशंट तोंडात कापूस घेऊन आडवा पडलेला, तोच टिंग झालं आणि पाच आत आला. टिंग, सहा. टिंग, सात. टिंग, आठ. माझा मोबाइल वाजला. बायको. डबा विसरली असेल, म्हणून मी कट केला. मग सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, आत उभं राहायला जागा नाही."

"मग बाहेर बसा की, आई."

"बाहेर आम्ही दोघंच उरलोय."

मी कामात आहे सांगून फोन ठेवला. दरम्यान बायकोने सगळ्यांना बाहेर काढलं आणि खडसावलं, "मनाने कोणी आत यायचं नाही. त्या टीव्हीवर जे येईल तेच करायचं, समजलं?"

सगळे माना डोलावून टीव्हीकडे बघत बसले. आणि इकडे साहेब म्हणाले, "ती सूचनेची ओळ बदलून दाखवा बरं."

"काय लिहू?"

"लिहा, सर्वांनी उभे राहावे."

मी लिहिलं. वेटिंग रूम उभी राहिली. साहेबांना चेव आला. "उजवा हात वर करावा." सहा हात वर गेले. सासरेबुवांचा सगळ्यात ताठ. सासूबाई त्यांचा सदरा ओढत होत्या, "अहो, तुम्ही पेशंट आहात का?" तर म्हणाले, "सर्वांनी असं लिहिलंय."

"दातांचा दवाखाना ना?" साहेब म्हणाले. "मग लिहा, तोंड उघडावे. आणखी मोठे उघडावे!"

बाहेर एकदम शांतता का पसरली म्हणून बायको बघायला आली. समोर भिंतीला ओळीने माणसं उभी, हात वर, तोंडं सताड उघडी. आणि मधोमध, सगळ्यात मोठं तोंड, तिच्या बापाचं. वर्षभरात पहिल्यांदा तिने ती दाढ पाहिली. सासरेबुवांनी मुलीच्या हातातला आरसा पाहिला, डोळे गरागरा फिरवले, पण तोंड मिटलं नाही. नुसतं बोट टीव्हीकडे केलं.

माझा फोन पुन्हा वाजला. या वेळी मी उचलला.

"घरी बसून तू काय करतोयस?" बायको कुजबुजत होती.

तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती फाइल! माहिती कुठून घ्यायची ते तिच्यातच लिहिलेलं असतं. दोन्ही प्रती एकाच ठिकाणाहून माहिती घेत होत्या! "थांब, लगेच सूचना काढतो," मी म्हणालो.

"खबरदार काढलीस तर! बाबांनी तोंड उघडलंय." ती म्हणाली. "आता मी सांगते ते लिही. पांढऱ्या सदऱ्यातल्या आजोबांनी आत येऊन खुर्चीत बसावे. बाकीच्यांनी खाली बसावे, तोंडं मिटावीत."

"पण आतल्या खोलीत टीव्ही कुठाय?"

"आईच्या मोबाइलवर तेच पान लावते. दिसेल ना?"

दिसेल म्हणजे काय! तीच तर करामत! सासूबाई मोबाइल नवऱ्याच्या नाकासमोर धरून उभ्या राहिल्या आणि मी घामाघूम होऊन टाइप करत सुटलो. 'तोंड उघडेच ठेवावे.' 'इंजेक्शन घेताना पाय झाडू नयेत.' 'डॉक्टरांचा हात सोडावा.' 'सोडावा म्हटले ना.' शेवटी फोनवर बायको हसत हसत रडत म्हणाली, "निघाली रे!" मीही रुमाल शोधला. साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण डोळे त्यांनीही पुसले.

"फायदे पटले," ते म्हणाले. "तोटे?"

"अजून सापडले नाहीत, साहेब."

दोन दिवसांनी बायकोने आमच्या स्वयंपाकघरात जुना टॅब्लेट टांगला आणि त्यावर माझ्या घरच्या प्रतीचं पान लावलं. सासरेबुवा आराम करायला आमच्याकडेच होते. सकाळी दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिने मोबाइलवरून पहिली सूचना धाडली, 'भांडी घासावीत'.

सासरेबुवांनी सुजरा गाल सांभाळत ती मोठ्याने वाचली. "जावईबापू, पाटी."

पण शेवटी पाटी बनवली कोणी? मी हळूच लॅपटॉप उघडला आणि लिहिलं, 'आज सर्वांनी घरी विश्रांती घ्यावी'. क्षणात बदललं. सासरेबुवा "लिहिणाऱ्याने काहीतरी विचार केला असेल," म्हणत सोफ्यावर आडवे झाले. त्यांच्या शेजारी मीही पाय पसरले, तोच फोन वाजला.

"अरे, मघाशी माझे पेशंट दवाखान्यातल्या कपबश्या विसळत होते," बायको म्हणाली. "आणि आता सगळे घरी निघालेत."

ती फाइल बदलायची राहूनच गेली होती. भांडी मात्र मीच घासली. ती सूचना तिने तोंडी दिली होती.