परबकाकांची मंडळी

आमच्या मजल्यावरचे परबकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. थेट विचारतात, "मंडळी श्वास घेतायत ना?"

मीरा रोडला राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं हे लिफ्टमध्ये ऐकलं. "हवा बंद करू नका, मी निघालोच," असंही काका पुढं म्हणाले. गिरगावात वाढलेल्या बाईला मंडळी म्हणजे कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. "काकू ऑक्सिजनवर आहेत रे," असं मला सांगून ती संध्याकाळी मुगाची मऊ खिचडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

काकांनी डबा उघडून पाहिला. "आमची मंडळी हे खात नाहीत."

"मग काय खातात?"

"घाण."

बायको तडक परत आली. शेवटी वॉचमननं खुलासा केला. काका मलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर. मंडळी म्हणजे तिथल्या टाकीतले जिवाणू. ते घाण खातात तेव्हा सांडपाणी निवळतं, मग ते खाडीत सोडतात. खऱ्या काकू कोविडात गेल्या. हे ऐकल्यावर बायको फार ओशाळली आणि तेव्हापासून रोज एक भाजी मुकाट्यानं त्यांच्याकडे जायला लागली.

काकांना कशाचीही धास्ती वाटते. लाईट नुसती लुकलुकली तरी ते प्लँटला फोन लावतात, कारण हवेचा ब्लोअर बंद पडला की मंडळी गुदमरणार. आमच्या मोरीत ॲसिडची बाटली दिसली तर म्हणाले, "जपून हं. खाली माझी माणसं आहेत." त्यांच्यापायी मी बेसिनमध्ये तळणीचं तेल ओतायचं सोडलं, आणि आता लाईट गेली की मीही आधी काकांचं दार वाजवतो.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याच्या कुठल्याशा गाळ्यानं गटारात ॲसिड सोडलं आणि टाकी काळी पडली. सकाळीच काका दारात आले. "स्कूटर काढा. मंडळी चालली."

मंडळींना जगवायला गूळ आणि ताजं शेण लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. केबिन रोडवरच्या दुकानात काकांनी गुळाची ढेपच मागितली. दुकानदार हसून म्हणाला, "काका, घर में फंक्शन है?"

"नहीं. सब सीरियस है."

त्यानं बिचाऱ्यानं हात जोडले. तबेल्यातून शेणाची बादली पायांत धरून मी प्लँटवर पोचलो तेव्हा माझी ऑफिसची पँट कामातून गेली होती. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते शेण कालवत होते.

"ही गेली तर पाणी असंच्या असं खाडीत जाणार. पुढं तारोडी गावच्या कोळ्यांची जाळी आहेत," ते म्हणाले. "माझी सासूबाई तिथली. दर रविवारी तिच्याकडे जेवायला असतो मी. आता कुठल्या तोंडानं बसू तिच्या पानावर?"

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. रविवार आला, पण काका तारोडीला गेले नाहीत. बायकोची भाजीही तशीच परत यायला लागली. मी ऑफिसात बसून त्या टाकीचाच विचार करायचो. पण काळजी कसली, हे लोकांना सांगणार तरी काय?

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टाकीत तपकिरी फेस आला होता आणि ओल्या मातीसारखा वास येत होता. काकांनी तारोडीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आई, पाणी सुधारलं. मागल्या रविवारी त्याच्यामुळंच..."

"पानी र्‍हाऊ दे, जावय," पलीकडून म्हातारीचा खरखरीत आवाज आला. "तू जेवलास का न्हाय?"

फोन माझ्या हातात देऊन काका ब्लोअर बघायला गेले. ब्लोअर व्यवस्थित चालू होता.

"नाही जेवलेत, आजी," मी सांगितलं. "घेऊन येतो त्यांना."