जमिनीचं पांघरूण

सासरे चार दिवसांसाठी राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जावयाचं अख्खं शेत साफ करून टाकलं.

लेक आणि जावई बियाण्यांचं प्रदर्शन बघून परतले, तेव्हा ते विळा घेऊन बांधावर उभे होते. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती.

"जावईबापू, केवढं तण माजलं होतं! दोन माणसं लावून सगळं उपटलं आणि गॅस प्रकल्पाला पाठवून दिलं."

जावई मटकन बांधावर बसला. त्याचा मका त्याच प्रकल्पात जायचा. कणसापासून धाटापर्यंत सगळा टाकीत, गॅस बनवायला. मातीला मागे काहीच उरत नसे. म्हणून प्रकल्पाची अट होती: हिवाळाभर जमिनीवर ओट, शेंगांचे वेल आणि मुळा राखायचा, नाहीतर पुढच्या वर्षी करार बंद. आणि तपासणी उद्या सकाळी होती.

"बाबा, ते मुद्दाम पेरलं होतं," लेक म्हणाली.

"खायला?"

"नाही."

"विकायला?"

"नाही. वाढलं की तिथंच मातीत गाडायला."

सासऱ्यांनी विळा खाली ठेवला. मग म्हणाले, "लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं."

सकाळी मात्र चूक निस्तरायला तेच आधी रस्त्यावर गेले. तपासणीच्या बाई आल्या, तशी सासऱ्यांनी त्यांना थेट शेजाऱ्याच्या रानात नेलं आणि "हे आमचं" म्हणून सांगितलं. शेजाऱ्याला सगळे 'निवांत' म्हणत. त्याच्या रानात जे उगवलं होतं, ते स्वतःच्या मर्जीनं उगवलं होतं.

जावई धावत पोचला, तेव्हा बाई गुडघाभर हिरव्यात उभ्या होत्या.

"बाई, हे माझं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "माझं ते पलीकडचं. उघडंबोडकं."

"मग हे कुणाचं?"

"माझं," निवांत दात घासत बाहेर आला. "का?"

"नांगरणी केव्हा केलीत?"

"सहा वर्षं झाली."

बाईंनी मूठभर माती उकरली. त्यात तीन गांडुळं निघाली. बाई हरखल्या आणि वहीत भराभर लिहू लागल्या. जाताना जावयाला म्हणाल्या, "खरं बोललात, बरं केलंत. बियाणं पुन्हा देते. आठवड्यात पेरा, थंडी अजून बाकी आहे."

करार वाचला. सासरे खाली मान घालून पेरणीला आले आणि कशालाही हात लावण्याआधी विचारू लागले.

महिन्याभरानं निवांत दारात उभा राहिला. डोळे तारवटलेले, घसा बसलेला.

"मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

"काय झालं?"

"प्रकल्पानं मला आदर्श शेतकरी केलंय. बायकोनं सही करून टाकली. दर शनिवारी पहाटे सहाला लोक शेत बघायला येतात. आज बावीस होते. काहीच न करण्याची पद्धत विचारत होते."

"मग काय सांगितलंस?"

"वह्या उघडून बसले होते, सांगणार काय? दीड तास बोललो." त्यानं पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला. "जन्मात एवढी मेहनत केली नव्हती."