गोदाक्कांची मरान

गोदाक्का माणसाला बघायची सुरुवात पायांपासून करीत. कन्नड मुलखात, येलहंक्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने मागायला मी गेलो, तेव्हा त्यांनी मला चपला काढायला लावल्या, पोटऱ्यांपर्यंत नजर नेली, एकदा गोल फिरायला सांगितलं आणि म्हणाल्या, "पाय सरळ आहेत. छाती स्वल्प आत आहे. सरी, ठीक, राहा."

नोकरीच्या मुलाखतीतही मला कोणी इतकं बारकाईने पाहिलं नव्हतं. मी पुण्याहून नुकताच आलो होतो आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस होतो. यंत्राचे सुटे भाग मोजायचे, चांगले एका पेटीत आणि वाईट दुसऱ्या पेटीत टाकायचे, हे माझं काम. चांगल्यांची पेटी हिरवी, वाईटांची लाल. आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. डावी पेटी चांगली, उजवी वाईट, एवढ्या भांडवलावर मी तीन वर्षं काढली. एकदा झाडणाऱ्या बाईने पेट्यांची अदलाबदल केली, तेव्हा दिवसभराचे नापास भाग मी अभिमानाने पास केले होते.

अक्का निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं. माझी ऐकून त्या म्हणायच्या, "तुझी भाषा इंग्लिशशी क्रॉस झालीय. शुद्ध जात राहिली नाही."

शुद्ध जात हा त्यांचा ध्यास होता. शेजारी राहिलेला एक फ्रेंच इंजिनिअर मायदेशी परतताना एक कोंबडा आणि तीन कोंबड्या अक्कांच्या हवाली करून गेला होता. जातीचं नाव मरान. गल्लीने त्याचं मरण केलं. कन्नडमध्येही त्या शब्दाचा अर्थ तोच, त्यामुळे कोणाचीच गैरसोय झाली नाही. दूधवाला रोज सकाळी विचारायचा, "अक्का, मरण कसं आहे?" आणि अक्का गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "अंडी देतंय."

हे पक्षी काळेभोर, मानेवर तांब्याची झाक. तुरा एकेरी आणि ताठ हवा, त्याला बाजूने फाटा फुटला की पक्षी बाद. पायांच्या बाहेरच्या अंगाला थोडी पिसं हवीत. जास्त झाली की ते पायमोजे, तेही बाद. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंडं. ते गर्द तपकिरी, चॉकलेटसारखं हवं. अक्कांनी स्वतः रंग कालवून नऊ छटांचं एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं होतं. चौथ्या छटेहून फिकं अंडं घालणाऱ्या कोंबडीची पिल्लं त्या वाढवत नसत.

हे सगळं मला कळलं ते एका गुन्ह्यामुळे. जिन्याच्या पायरीवर टोपलीत एक अंडं दिसलं. घरमालकिणीची भेट समजून मी त्याचं ऑम्लेट केलं. ते आठव्या छटेचं होतं आणि उबवायला ठेवायचं होतं. अक्का ओरडल्या नाहीत. कसं लागलं, एवढंच त्यांनी विचारलं. मीठ कमी पडलं, असं मी सांगितलं. त्यानंतर दर रविवारी त्यांच्या कोंबड्यांची वही लिहिण्याची शिक्षा मला झाली.

अक्का पक्षी मांडीवर घेत, डोळे अर्धवट मिटून तुऱ्यावरून बोट फिरवीत, पायांवरून तळवा नेत आणि दोष सांगत. ही खरी जाणकारी, असं वाटून मी थक्क व्हायचो. शेवटी अंडं माझ्यासमोर धरून त्या विचारायच्या, "बोल, कितवी छटा?" मी गडद-फिका बघून आकडा ठोकून द्यायचो. त्या "बरोबर" म्हणायच्या. आपल्याला नजर आली, अशी माझी खात्री झाली.

मग शहरातल्या हौशी पक्षीपालकांचं प्रदर्शन आलं. एका शाळेच्या पटांगणात मांडव, पिंजरे, कल्ला. अक्कांनी ज्यांना अंडी उबवायला दिली होती अशा सहाजणांमध्ये मरान अंड्यांची स्पर्धा होती. अक्का परीक्षक, मी त्यांचा सहायक, छातीला कागदी फूल लावलेला. सहा बश्यांसमोरून मी पाठीमागे हात बांधून दोनदा फिरलो. चौथ्या बशीतली अंडी सर्वांत गर्द होती. मी अक्कांच्या कानात तसं सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तम. असा रंग मी आजवर पाहिला नव्हता."

ते खरंच होतं. पहिला नंबर पुकारल्यावर त्या बशीचा मालक पुढे आला तो घाम पुसतच. "अक्का," तो हळूच म्हणाला, "माझ्या कोंबड्यांची अंडी फिकी येतात म्हणून मी ती मेंदीत बुडवली होती. पण ती हिरवी झाली. मी नुसती हजेरीपुरती मांडली होती."

सगळा मांडव हसू लागला. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्याच एका बशीला पहिला नंबर दिला. ती कोणती, हे त्यांनी त्या मेंदीवाल्यालाच विचारून ठरवलं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

परतताना रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये कोंबड्यांची टोपली होती. हेब्बाळ मागे पडलं. मग मी माझं लाल-हिरव्याचं सगळं सांगून टाकलं, कारखान्यातल्या पेट्यांसकट. आता खोली सोडावी लागणार, अशी मनाची तयारीही केली.

"मला माहीत नव्हतं," अक्का म्हणाल्या. "मी तुझ्या डोळ्यांवर चालले होते."

मला कळेना.

"दसऱ्यापासून मला सगळं चहाच्या रंगाचं दिसतं रे. वही वाचता येत नाही. छटा तू सांगायचास, मी बरोबर म्हणायची."

मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का.

"दाखवलं की. मोतीबिंदू, काढू म्हणाले. पण कागदावर सही करायला घरचं माणूस आणा म्हणाले." त्यांनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "घरी कोंबड्या आहेत."

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. अक्का हिरवा की लाल, मला न कळणाऱ्या कसल्याशा झग्यात खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. शाळेच्या पहिल्या दिवशी आणून बसवल्यासारख्या दिसत होत्या. परिचारिकेने कागद पुढे केला. मी सही केली. सहीखाली एक रकाना होता, रुग्णाशी नातं. तिथे माझं पेन थांबलं. भाडेकरू लिहिलं तर चालणार नव्हतं, आणि दुसरं काही लिहायचा मला हक्क नव्हता.

परिचारिकेने कन्नडमध्ये विचारलं, हे तुमचे कोण.

अक्कांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि कन्नडमध्येच म्हणाल्या, "नम्म हुडुगा."

आमचा मुलगा. परिचारिकेने माझ्या हातातून पेन घेऊन तसं लिहून टाकलं. मराठीत अक्कांनी मला असं कधी म्हटलं नाही, पुढची नऊ वर्षं मी त्याच खोलीत राहिलो तरी.