अगत्य येण्याचे करावे

चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळून आटलं, तेव्हा मार्केटाने पुन्हा दाराबाहेर डोकावून पाहिलं. समोरच्या सावंतांचं दार बंद होतं. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि टीव्हीवरच्या मालिकेत कोणीतरी हुंदके देऊन रडत होतं. येणारं माणूस मात्र येत नव्हतं.

"त्या नक्की 'येते' म्हणाल्या होत्या?" पावेलने विचारलं. नवराबायको घरात चेक भाषेत बोलत.

"स्पष्ट ऐकलं मी. उठल्या, चपला घातल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, 'बरं गो, येते हां.' येणे. वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, स्त्रीलिंग. चूक शक्यच नाही."

"मग येतील की."

"पावेल, हे त्या परवा म्हणाल्या!"

पावेलची कंपनी माल पाकिटबंद करण्याची यंत्रं बनवायची. साकीनाक्याच्या एका कारखान्यात ती बसवून द्यायला म्हणून तो दोन वर्षांसाठी बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ब्रनोहून मुंबईत आला होता. कंपनीतल्या लोकांनी पवईचा एक टॉवर सुचवला होता. तिथे पोहण्याचा तलाव होता, आणि लिफ्टमध्ये शिरलं की निम्मे चेहरे परदेशीच. पण मार्केटा हटून बसली. "तिथेच राहायचं असेल तर ब्रनो काय वाईट होतं? आपण माणसांत राहू." आणि तिने घाटकोपरच्या 'शुभांकुर' सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचं घर पसंत केलं.

मार्केटाच्या हट्टाला आधार होता तो तिच्या मराठीचा. निघण्याआधी वर्षभर तिने पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे ऑनलाइन मराठी शिकून घेतलं होतं. 'आमच्या स्नानगृहातील दिवा नादुरुस्त झाला आहे' हे वाक्य ती एका दमात बोलायची. अडचण एवढीच होती, की ते ऐकून इलेक्ट्रिशियन घाबरायचा. पहिल्याच दिवशी तिने भाजीवाल्याला "दादा, कोथिंबिरीची एक ताजी जुडी द्यावी" असं म्हटलं, तर त्याने शेजारच्या गाडीवाल्याकडे बघून मदत मागितली होती. "काय बोलते रे ही? इंग्लिश आहे का?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आनेश्का हसत नव्हती. शाळा सुरू व्हायला अवकाश होता. पोरगी दिवसभर खिडकीच्या ग्रिलला नाक लावून उभी राहायची आणि खाली कंपाउंडमध्ये आरडाओरडा करणारी मुलं बघायची. "जा ना खाली," म्हटलं की आईच्या मागे लपायची. झोपताना रोज एकच प्रश्न, "घरी कधी जायचं?" शेवटी नवराबायकोचं ठरलं होतं: इथला पहिला महिना संपेपर्यंत तिला कोणी मैत्रीण मिळाली नाही, तर मुकाट्याने पवईला जायचं. महिना संपायला आता एकच आठवडा उरला होता.

म्हणून तर लोकांचं हे येणं मार्केटाने इतकं मनावर घेतलं होतं. समोरच्या सावंतांकडच्या रत्नप्रभाकाकू वाटीभर खतखत्याची भाजी घेऊन आल्या, बसल्या, 'येते' म्हणून गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी धम्मपाल जाधव टाकीच्या पाण्याची वेळ सांगायला आले आणि जाताना म्हणाले, "येतो मग." तिसऱ्या मजल्यावरची प्रियंका चुकून आपल्याकडे आलेलं पार्सल द्यायला आली आणि जिन्यातूनच ओरडली, "चल, येते गं! ऑफिसची वाट लागलीय!" तिघं येतो म्हणाली. तिघांपैकी एकही आलं नाही.

रात्रीची भांडी घासता घासता मार्केटाला एकदम उलगडा झाला. चूक त्यांची नव्हतीच! आपण वेळ कुठे दिली? ब्रनोमध्ये सख्खी बहीणसुद्धा वार आणि वेळ ठरल्याशिवाय दाराशी येत नाही. बिचारी माणसं बोलावण्याची वाट बघत बसली असतील.

दुसऱ्या दिवशी तिने 'आमंत्रण' हा धडा काढून वाक्य पाठ केलं, सैलसा सुती झगा घातला, आनेश्काचा हात धरला आणि समोरची बेल वाजवली. दार उघडलं आणि तव्यावरच्या बांगड्यांचा सणसणीत वास अंगावर आला. समुद्रापासून कोसो दूर वाढलेल्या मार्केटाला तो नवा होता. तिने पटकन रुमाल नाकाला लावला, दुसरा हात पोटावर दाबला आणि म्हणाली, "शनिवारी सायंकाळी सहा वाजता आपण सहकुटुंब सहपरिवार आमच्या घरी अगत्य येण्याचे करावे."

रत्नप्रभाकाकू हातातलं उलथनं तसंच धरून उभ्या राहिल्या. असं वाक्य त्यांनी आजवर फक्त छापील पत्रिकेतच वाचलं होतं, तेही वर गणपतीचं चित्र असलेल्या.

"काय विशेष?" त्यांनी हळूच विचारलं.

"विशेष... ते आपणांस तेव्हा कळेलच," मार्केटा लाजून म्हणाली. धड्यात पुढचं वाक्य नव्हतं.

काकूंची नजर रुमालावरून पोटावरच्या हातावर आणि तिथून सैल झग्यावर गेली. चेहरा उजळला. "कळला गो बाय, कळला! काय सांगूक नको, नजर लागता." आणि त्यांनी दार लावून थेट मोबाइल उचलला.

धम्मपाल जाधव खाली नोटीसबोर्डाजवळ भेटले. मार्केटाने त्यांना आधी आठवण करून दिली. "आपण 'येतो' असे म्हणाला होतात. परंतु आपण आला नाहीत." इतकं शुद्ध मराठी जाधवांनी फक्त तक्रारअर्जात पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या पाइपाचं काहीतरी बघतो म्हणून आपण मागे कोणाला तरी शब्द दिल्याचं त्यांना पुसटसं आठवलंही. "मॅडम, शनिवारी नक्की! प्लंबरलाच घेऊन येतो, मग तर झालं?"

मार्केटाला वाटलं, प्लंबर त्यांचा मित्र असावा. "त्यांनीही अगत्य यावे," ती म्हणाली.

प्रियंका जिन्यात भेटली. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि कानाला फोन. "शनिवारी? डन!" आनेश्काकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हिचा का?"

"होय, होय," मार्केटा कृतज्ञतेने म्हणाली. "हिच्यासाठीच तर सगळे."

"सो स्वीट! पोरांना मी सांगते सगळ्या, टेन्शन घेऊ नको."

शनिवारी मार्केटाने बटाट्याचं घट्ट सूप केलं, सफरचंदाच्या सारणाची लांब गुंडाळी भाजली, सहा रुमाल इस्त्री करून त्रिकोणी घड्या घातल्या. आनेश्काला निळा फ्रॉक घातला. सहा वाजले. सव्वासहा झाले. ब्रनोमध्ये पाहुण्याला दहा मिनिटं उशीर झाला, तर लोक काळजीने फोन लावतात. साडेसहाला पावेलने सूप गरम करून दिलं, पावणेसातला पुन्हा केलं. सातला आनेश्का स्टुलावरून उतरली आणि तिने स्वतःच फ्रॉकची मागची गाठ सोडली.

"कोणी येणार नाहीये ना?" ती म्हणाली.

पावेल मार्केटाजवळ बसला आणि फार हळुवारपणे म्हणाला, "पवईचं घर अजून रिकामं आहे. आजच चौकशी केली मी." मार्केटाने होकारार्थी मान हलवली. मग तिने चटकन उठून गॅस बंद केला. पावेलने एक वाडगा सूप संपवलं आणि दुःखात आणखी एक.

साडेसात वाजता बेल वाजली.

दारात रत्नप्रभाकाकू होत्या. त्यांच्यामागे सहा बायका, त्यांच्या हातांत हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने आणि झाकलेले डबे. "सहाचं बोलावणं म्हणजे साडेसात, ना गो?" असं म्हणत त्यांनी मार्केटाला उभं केलं आणि झग्यावरूनच साडी नेसवायला घेतली. भेटीला येताना इथे यजमानाला कपडे घालतात, हे मार्केटाला ठाऊक नव्हतं, पण ती माणसांच्या येण्यानेच इतकी हरखली होती, की तिने दोन्ही हात वर करून सहकार्य केलं.

फुलांचा मुकुट डोक्यावर बसतो न बसतो, तोच प्रियंका आली. सोबत फुगे, टोप्या आणि बारातेरा पोरं. आनेश्काचं नाव नीट न आठवल्यामुळे तिने केकवर नुसतं 'हॅपी बर्थडे बेबी' लिहून आणलं होतं. ते वाचून काकू बायकांकडे वळल्या. "बघा! केकवर पण बेबी लिवलंय. ह्येंच्यात आधीच कळता वाटतां!"

एका बाईने विचारलं, "कितवा महिना?"

"पहिलाच," मार्केटा म्हणाली. "संपावयास अजून थोडे दिवस आहेत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "तरीच काही दिसत नाही!"

"परदेशात लवकर करत असतील," काकूंनी निकाल दिला आणि दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. "उचल एक." मार्केटाने उजवीकडची उचलली. खाली पेढा निघाला आणि सगळ्या एकदम ओरडल्या, "मुलगा!"

"कोण मुलगा?" पावेलने चेकमध्ये विचारलं. त्याला कोणीतरी पेढा भरवला आणि पाठीवर थाप मारली. तेवढ्यात धम्मपाल जाधव, कमिटीचे दोन सभासद आणि पाना घेतलेला प्लंबर असे चौघं गर्दीतून वाट काढत थेट बाथरूममध्ये शिरले.

"आता ओटी भरूया, म्हणजे डोहाळजेवण पार पडलं," काकू म्हणाल्या.

'जेवण' मार्केटाला कळलं. तिने प्रियंकाच्या कानाशी लागून विचारलं, "डोहाळ म्हणजे काय?"

प्रियंकाने सांगितलं आणि सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला. "थांब, थांब. आज हिचा बर्थडे आहे ना?"

"आनेश्काचा? तिचा जन्म नोव्हेंबरातला आहे."

"आणि तू प्रेग्नंट...?"

"मी? नाही!" मार्केटा किंचाळलीच.

एक फुगा फुटला. बाथरूमच्या दारातून जाधवांनी डोकं बाहेर काढलं. "मॅडम, मग तुमची तक्रार नक्की काय आहे? पाणी कुठे गळतंय?"

"आमच्याकडे पाणी गळत नाही."

आतून प्लंबरचा आवाज आला. "आता गळतंय, साहेब."

पावेल वळणार, तेवढ्यात पाण्याचा पहिला ओघळ बाहेरच्या खोलीत आला. जाधव जिन्याने खाली धावले, कोणीतरी मेन कॉक बंद केला, बायकांनी पदर खोचले. पाणी पुसून झाल्यावर काकू हिरवी साडी नेसलेल्या मार्केटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मगे आमका बोलावलंस कित्याक?"

मार्केटाचा मुकुट एका कानावर आला होता. "वेळ तेवढी मी दिली. तुम्हीच म्हणालात. 'येते' म्हणालात. हेही म्हणाले, हीही म्हणाली. मी वाट बघत राहिले. रोज चहा ठेवत होते."

सगळ्यांना कळायला क्षणभर लागला. मग प्रियंकाला हसू फुटलं, मग जाधवांना, आणि काकू तर खाली बसूनच हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगो बाये, निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून 'येते' म्हणायचं! ता ऑनलाइनवाल्या बाईनं शिकवलं नाय तुका?"

मार्केटा आठवू लागली. वर्षभराच्या शिकवणीत बाई कधी उठून दारातून गेल्याच नव्हत्या. तास संपला की पडदा काळा व्हायचा. "पण मग," तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "माणूस जात आहे हे समजायचे कसे?"

"दिसतं ना!" जाधव म्हणाले.

त्यावर पुन्हा एकदा हशा उसळला, आणि या खेपेला मार्केटाही त्यात होती. एवढ्या माणसांना सूप पुरणार नव्हतं. काकूंनी ते चाखलं, "आजाऱ्याचं जेवण असा ह्यां," म्हणाल्या आणि समोरून आणून लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी वर ओतली. झाकलेले डबे उघडले. नळ बंद म्हणून चार घरांतून पाण्याच्या बादल्या आल्या. प्रियंकाने केकवरची मेणबत्ती सगळ्यांच्या वतीने स्वतःच विझवली. साडी परत द्यायला मार्केटा उठली, तर काकूंनी डोळे वटारले. "ऱ्हवांदे. कधीतरी लागतलीच."

गर्दी ओसरली तेव्हा मार्केटाच्या लक्षात आलं, की आनेश्का घरात नाही. निळा फ्रॉक बेडरूममध्ये पडला होता. बाथरूम, बाल्कनी, सावंतांचं घर, सगळं झालं. हिरवी साडी दोन्ही हातांनी वर धरून ती जिना उतरत खाली धावली.

आनेश्का कंपाउंडमध्ये होती. कोणाची तरी ढगळ चड्डी आणि टीशर्ट घालून, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकून, डोळे मिटून उभी होती. पायांत चपला नव्हत्या. आजूबाजूला एकही मूल दिसत नव्हतं.

"आनेश्का! चल घरी!" मार्केटाने चेकमध्ये हाक मारली.

पोरीने डोळे न उघडता फणकाऱ्याने हात झटकला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आईला मराठीत उत्तर दिलं. "टाइमप्लीज!"

हा शब्द कुठल्याच धड्यात नव्हता. तेवढ्यात स्कूटरच्या मागून काकूंची नात श्रुतिका हळूच वर आली. ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "आंटी, तिला नेऊ नका ना प्लीज. तिच्यावर राज्य आहे."

मार्केटा जागीच थबकली. राज्य हा शब्द तिला चांगला माहीत होता. तो इतिहासाच्या धड्यात होता, गड, किल्ले आणि सिंहासनाच्या सोबतीने.

वर बाल्कनीतून पावेल वाकून बघत होता. "सापडली का? काय म्हणतेय? येत नाहीये का वर?"

मार्केटाने डोक्यावरचा मुकुट सरळ केला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "आत्ता नाही येऊ शकत. इथलं राज्य आलंय तिच्याकडे!"